‘गाडी कोण चालवतं?’ असं विचारणाऱ्या काकांना

काका,
स.न.वि.वि.

तुमच्या गॅरेजात गाडीचे ब्रेक दुरुस्त करून घेतले, तुमचे पैसे दिले, तुमच्याकडचा चहाही प्यायले, ‘थँक यू’ म्हटलं आणि निघाले. व्यवहार तिथेच मिटला. पण आठवडा होत आला तरी ती सकाळ मनातून जात नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण बोलायला गेले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ब्रेक पॅडवरून रडणारी बाई सातारा रस्त्याच्या त्या गल्लीने आजवर पाहिली नसेल. म्हणून हे जाहीर पत्र. मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतो अशी तुमची तक्रार होती ना, तोच वाचून दाखवेल.

ब्रेक दाबला की पुढून चीं करून आवाज यायचा. भोरहून घरी पोचलं की डाव्या चाकापाशी जळका वास. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही गेलो ते एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला. काचेच्या भिंती, बसायला सोफे, कोपऱ्यात कॉफीचं मशीन. तिथल्या साहेबांनी किल्ली घेतली माझ्या हातातून आणि बोलायला लागले माझ्या नवऱ्याशी. ‘सर, मॅडमचा पाय ब्रेकवरच असतो. लेडीज चालवतात त्या गाड्यांचं हे नेहमीचं आहे.’ माझ्या नवऱ्याकडे लायसन्सच नाही. पण समोरचा ‘सर, सर’ करतोय म्हटल्यावर तोही गंभीरपणे मान हलवत राहिला. (त्यावरून घरी काय झालं, तो या पत्राचा विषय नाही.) मग हातात एस्टिमेट पडलं. दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या), पॅड (त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे), कॅलिपर (पॅड धरून दाबणारा चिमटा), आणखी काय काय. आकडा बघून कॉफी तशीच ठेवली. आणि तोवर चाक एकही खोललेलं नव्हतं!

पुढच्या गॅरेजात नेमकं उलटं. तिथल्या पोराने मोबाइलचा टॉर्च चाकाच्या फटीतून आत मारला आणि म्हणाला, ‘पॅडवर माल भरपूर आहे, दहा हजार किलोमीटर आरामात जाईल.’ ब्रेक ऑइल कमी दिसलं, ते ओतलं आणि आमची बोळवण केली. एक म्हणतो सगळं बदला, दुसरा म्हणतो काहीच नको. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं, ते म्हणजे मॅडमचा पाय.

मग तुमचं नाव कुणीतरी सुचवलं. खोटं कशाला बोलू, तुम्हीसुद्धा आधी नवऱ्याकडेच पाहिलंत. पण लगेच विचारलंत, ‘गाडी कोण चालवतं?’ त्याने माझ्याकडे बोट केलं. तुम्ही हातातला टॉर्च मला दिलात, स्टूल फडक्याने पुसलंत, चाकासमोर सरकवलंत आणि म्हणालात, ‘या ताई, बसा. दाखवतो.’

बस, एवढंच. गाडी माझ्या पगारातून घेतलेली, हप्ते मी फेडले, इन्शुरन्स नि पीयूसीच्या तारखा माझ्याच डोक्यात असतात. पण ‘या, बसा, दाखवतो’ असं इतक्या वर्षांत मला कुणी म्हणालं नव्हतं. मला काही कळेल, कळायला हवं, असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तुम्हाला त्यात काही विशेष वाटलं नसेल. गिऱ्हाईक आलं, स्टूल पुसलं. पण मला त्या पुसलेल्या स्टुलाचे आभार मानायचे आहेत.

पुढची दोन्ही चाकं उतरवून चारही पॅड तुम्ही जुन्या पेपरवर ओळीने मांडलेत. नव्या पॅडवर दहा-बारा मिलिमीटर माल, म्हणजे झिजणारा थर, असतो, तिनावर आला की बदलायचा, असं सांगितलंत. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सारखेच झिजलेले, निम्मे शिल्लक. डाव्या चाकाचा बाहेरचा तर त्यांच्याहूनही जाड. आणि डावीकडचाच आतला? त्याच्यावर काडेपेटीच्या काडीएवढाही माल नव्हता, लोखंड डिस्कला लागायच्या बेतात होतं. मग तुम्ही नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलंत, ‘ताई, तुमचा पाय डाव्या चाकावर वेगळा पडतो आणि उजव्या चाकावर वेगळा, असं असतं का हो?’

काका, मी शाळेत विज्ञान शिकवते. निरीक्षण आधी, अनुमान मागून, हे घसा कोरडा पडेपर्यंत वर्गात सांगत असते. चालवणारी एक, पेडल एक, रस्ताही एकच. मग झीज वेगळी का? एवढा नेटका प्रयोग मला प्रयोगशाळेत कधी मांडता आलेला नाही. आणि तो मांडला कुणी, तर ज्यांना माझ्या पायाबद्दल आधीपासून काहीच मत नव्हतं त्यांनी.

दोष कॅलिपरच्या पिनांचा निघाला. ब्रेक दाबला की कॅलिपरमधला पिस्टन ऑइलच्या दाबाने ढकलतो आतल्या पॅडला. बाहेरच्या पॅडला डिस्कपर्यंत ओढून आणायचं ते कॅलिपरने पिनांवर सरकून. पिना गंजून जाम झाल्या, त्यामुळे आतला पॅड एकटाच राबला आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहिला. जळका वास त्याचाच. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, म्हणजे टॉर्चवाला पोरगा खोटं बोलत नव्हता. जे दिसलं तेवढं पाहून तो थांबला. चीं आवाज पॅडवरच्या बारीक पत्रीचा, माल संपत आला की तिने डिस्कला घासून ओरडावं म्हणूनच ती बसवलेली असते. आणि ऑइल? पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरतं, म्हणून वरच्या डबीतली पातळी उतरते. ‘पातळी उतरली की आधी पॅड बघायचे, मग बाटली उघडायची,’ हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललात तेव्हा त्या पोराने ओतलेलं ऑइल डबीतून वर आलं. ते तुम्ही रंगाला लागू न देता टिपून घेतलंत, आणि त्याला एक शिवीही दिली नाहीत. मी दिली असती.

कामाचं मी फार लिहीत नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत. डिस्कच्या कडेला कमीत कमी किती जाडी हवी ते कोरलेलं असतं, ते मला वाचायला लावलंत, डिस्क मोजलीत आणि म्हणालात, ‘हिला काही झालेलं नाही, उगाच पैसे घालू नका.’ एस्टिमेटातली सगळ्यात मोठी रक्कम त्या एका वाक्यात गेली.

माझ्या पायाबद्दल तुम्ही बोललात ते सगळ्यात शेवटी, तेही आधी विचारून: रोज कुठे जाता, घाट कुठला लागतो? दर रविवारी आईकडे भोरला, असं सांगितलं. परतताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सगळा उतारच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली, तेव्हापासून त्या उतारावर आई मागच्या सीटवर काहीतरी पुटपुटत असते. तुम्ही तिच्यापेक्षा उपयोगाचं सांगितलंत. न्यूट्रल करायचं नाही, गाडी बंद तर मुळीच नाही, कारण इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरला चढ चढलो असतो त्याच गिअरला उतरायचं, म्हणजे अर्धं काम इंजिन करतं. पाय सतत अलगद टेकवून ठेवायचा नाही, गरज पडली की नीट दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्कला निवायला वेळ मिळतो. लांबूनच सिग्नल लाल दिसत असेल तर ॲक्सिलरेटर आधीच सोडायचा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते हे गणित मी नववीला फळ्यावर सोडवून दाखवते. ‘ऐंशीवरून थांबवायचं तर पॅडला चाळिसाच्या चौपट राबावं लागतं,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा ते पहिल्यांदा तळपायाला कळलं.

गेल्या रविवारी तो उतार उतरले. वाहतूक अचानक तुंबली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. आवाज नाही, वास नाही. आईला कळलंही नाही.

पुण्यात माणसं सरळ बोलत नाहीत, दुकानदार तोंड वाकडं करतो, अशा गोष्टी सगळीकडे रंगवून सांगतात, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण याच शहरात ‘कापड पुरेल, जास्त घेऊ नका’ म्हणणारे शिंपी आहेत, ‘औषध नको, दोन दिवस झोप काढा’ म्हणणारे डॉक्टर आहेत. त्यांची पाटी कुठे नसते. तुमच्याही गॅरेजला धड पाटी नाही, पत्ता शोधताना आम्ही तीच गल्ली पुन्हा पुन्हा फिरलो. गोड बोलणाऱ्यांचं मला आता कौतुक राहिलेलं नाही. चाक न उघडता जो मत देत नाही, तो माझ्या लेखी सभ्य माणूस.

आता एक काम आहे. डाव्या चाकाचे दोन पॅड मी तुमच्याकडून मागून नेले होते, आठवतं? ते नववीच्या वर्गात टेबलावर ठेवले आणि विचारलं, असं का झालं असेल? मागच्या बाकावरून पहिलं उत्तर आलं, ‘बाई, ड्रायव्हर खराब असेल.’ वर्ग हसला. मी काही बोलले नाही. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली, दोन्ही पॅड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, ‘बाई, दुसऱ्या चाकाचे कुठे आहेत?’

तर काका, उजव्या चाकाचे ते दोन पॅड भंगारात गेले नसतील तर बाजूला काढून ठेवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की न्यायला येते. पिना साफ करायचे पैसे तुम्ही बिलात धरलेच नव्हते, हिशेब मी घरी जाऊन पाहिला. तेही तेव्हाच घ्या.

आपली,
आंबेगावची पांढऱ्या गाडीवाली ताई