परराष्ट्र धोरण चोपड्यापर्यंत येऊ द्या : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात राहते आणि राज्यशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासक्रमात पंचशील आहे, अलिप्ततावाद आहे, सुरक्षा परिषद आहे आणि ते सारे मन लावून शिकवलेही जाते. परंतु या धोरणाचा आमच्या शिवाराशी काय संबंध आहे, हे मात्र आम्हाला बाजारात कळते, तेही बहुधा नुकसान होऊन गेल्यावर.

२०२५ च्या ऑगस्टचेच पाहा. अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेले आणि त्याच्या आठवडाभर आधी आपल्या सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आयातशुल्क हा आपल्या खात्याचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण वॉशिंग्टनशी चाललेल्या बोलण्यांपासून तो वेगळा काढता येतो, असेही वाटत नाही. कापडगिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र आमच्याकडे मे-जूनमध्ये लावलेली बागायती कपाशी नेमकी त्याच सुमारास वेचणीला येत होती. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात क्विंटलमागे ८,११० रुपयांचा हमीभाव जाहीर असला, तरी दारात येऊन खेडा खरेदी करणारा व्यापारी ‘परदेशी माल येतोय’ म्हणतो, तेव्हा त्यात खरे किती आणि भाव पाडण्यासाठी किती, हे तपासायला शेतकऱ्याच्या हाती काहीच नसते.

शिवाय आमचे घर फक्त गावात नसते. खानदेशातील कितीतरी कुटुंबांचे एक दार गावात आणि दुसरे सुरतेत, उधना-लिंबायतकडे असते. लग्नसराईत सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील अमळनेरच्या फलाटावर उभे राहिले की हे कुणालाही दिसेल. तिकडे यंत्रमाग आणि हिरेकाम, इकडे कपाशी. त्यामुळे अमेरिकेच्या एका निर्णयाची झळ एकाच कुटुंबाला दोन्ही दारांतून लागते. ‘गाव सोडू की थांबू’ हा माझ्या वर्गातील प्रत्येकाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हाला तापीच्या पाण्याइतकाच जगाच्या राजकारणाचाही विचार करावा लागतो.

हे काही आजचे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांना पोहोचेनासा झाला, तेव्हा जळगाव कापसाची मोठी पेठ बनले आणि युद्ध संपून भाव कोसळताच त्याच जळगावला जबर धक्का बसला. त्या वेळी राज्य परक्यांचे होते. शेतकऱ्याला अंधारात ठेवले याचे नवल नाही. आज तसे म्हणून सुटता येणार नाही.

आपल्या मंत्रालयाचा ‘समीप’ नावाचा उपक्रम आहे. त्यात अधिकारी आपल्या गावी, आपण शिकलो त्या शाळा-महाविद्यालयांत जाऊन परराष्ट्र धोरणाविषयी विद्यार्थ्यांशी बोलतात. कल्पना फार चांगली आहे, पण तिच्यात एक खोट राहून गेली आहे : ज्या महाविद्यालयातून परराष्ट्र सेवेत कुणी गेलेच नाही, तिथे येणार कोण? ज्यांना दिल्ली आधीच जवळ आहे त्यांच्याकडेच अधिकारी पुन्हा पुन्हा जाणार आणि चोपडा, शिरपूर, अक्कलकुव्याची मुले तशीच राहणार.

म्हणून माझी मागणी अशी की, अधिकारी कुठे शिकला हे न पाहता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील तालुक्यांच्या महाविद्यालयांत वर्षातून एकदा तरी हा कार्यक्रम व्हावा, तोही कपाशीच्या लागवडीपूर्वी आणि मराठीतून. त्या कार्यक्रमाला बाजार समितीतील शेतकरी आणि केळी निर्यात करणारे बागायतदारही असावेत. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की इराणला निघालेल्या त्यांच्या कंटेनरचे काय होते, हे ते आपल्या अधिकाऱ्यांना आमच्यापेक्षा नीट सांगू शकतील.

आपली नम्र,
राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी
चोपडा, जि. जळगाव