कळसूबाई हे ज्वालामुखीचे तोंड नव्हे

महोदय,

पावसाळा लागला की गडकिल्ल्यांवर आणि घाटवाटांवर लेख येऊ लागतात. त्यांत 'हा डोंगर म्हणजे पूर्वीचा ज्वालामुखी' हे वाक्य हमखास असते. दगड ज्वालामुखीतून आला हे खरे, पण शिखर म्हणजे ज्वालामुखीचे तोंड हे चूक. कळसूबाई, साल्हेर, राजगड ही आडव्या थरांची झीज होऊन उरलेली टोके आहेत. त्यांच्या माथ्यावरून लाव्हा कधी उसळला नव्हता.

पायाखाली वितळलेल्या दगडाचा समुद्र उकळतो आहे, ही समजूतही आधी सोडायला हवी. कवचाखालचे प्रावरण घन आहे. तापलेले असूनही वरच्या प्रचंड दाबामुळे ते वितळत नाही. तोच खडक हळूहळू वर सरकला की दाब उतरतो आणि त्यातला थोडा अंश वितळून शिलारस होतो. दुसरी तऱ्हा पाण्याची. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरताना समुद्रतळातले पाणी सोबत नेतो आणि त्या पाण्यामुळे वरच्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. अंदमानातले बॅरन बेट, भारतातला आजचा जागृत ज्वालामुखी, या दुसऱ्या तऱ्हेचा.

पुढे उद्रेक कसा होणार हे ठरते चिकटपणावर आणि वायूवर. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब घटला की त्यांचे बुडबुडे होतात. सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, सत्तर टक्क्यांच्या आसपास असेल तर रस इतका चिकट असतो की बुडबुडे सुटत नाहीत. मग ते रसासकट फुटतात आणि त्याची राख होते. बेसाल्टच्या रसात (थिजल्यावर हाच सह्याद्रीचा काळा दगड) सिलिका साधारण पन्नास टक्के आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. हा रस पातळ, वायू सहज सुटतो, लाव्हा वाहत जातो.

आपला दख्खन या पातळ रसाचा, आणि तो आला लांबलचक भेगांमधून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे घडले. आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. असा भेगीय उद्रेक माणसाने पाहिलाही आहे: आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे सुमारे २७ किलोमीटरची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहिला. दख्खनचे उद्रेक याहून कितीतरी मोठे. ज्या भेगांतून रस वर आला त्यांतलाच काही रस आत थिजून राहिला. अशा थिजलेल्या भेगा, म्हणजे डाइक, धुळे-नंदुरबार भागात माळावर काळ्या भिंतींसारख्या उभ्या दिसतात. लाव्हा आला कुठून हे शोधायचे असेल तर शिखराकडे न पाहता या भिंतींकडे पाहावे.

घाटातल्या रस्त्याची कापलेली कड एकदा नीट पाहावी. प्रत्येक थराच्या तळाशी कधी कधी बोटासारखी उभी पोकळ नळकांडी दिसतात. मधला भाग घट्ट, काळा, उभ्या भेगांचा. वरचा भाग सच्छिद्र, कारण वर चढणारे बुडबुडे थिजत्या सायीखाली अडकले. त्या भोकांत पांढरे झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ दिसतात. हे खनिज लाव्हासोबत आलेले नाही, नंतर खडकातून फिरलेल्या पाण्याने ते भरले. दोन थरांच्या मधे अनेकदा विटकरी रंगाचा पट्टा असतो. एक लाव्हा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, वरचा दगड कुजून माती झाली आणि नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली, असा त्याचा बहुतेक ठिकाणी अर्थ. ही माती पाणी सहज झिरपू देत नाही, म्हणून पावसाळ्यात तिच्या वरच्या कडेने पाझर फुटतात. ती भिजून मऊ पडते, आधी झिजते, आणि वरचा कातळ आधाराविना सुटतो. दरडींचे हे एक कारण आहे. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, घट्ट भाग कड्यासारखा टिकतो. सह्याद्रीला पायऱ्या पडल्या त्या यामुळेच.

आणखी दोन गल्लती. लोणारचे विवर ज्वालामुखीचे नाही. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा तयार बेसाल्टवर उल्का आदळून झाला, आणि आघाताने काच झालेली खनिजे तिथे सापडली आहेत. वज्रेश्वरीसारख्या गरम झऱ्यांखालीही शिलारस नाही. भेगांतून खोल गेलेले पावसाचे पाणी पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते. खोलीगणिक तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतेच.

म्हणून एक विनंती. मुलांच्या पुरवणीत ज्वालामुखी म्हणून दरवेळी व्हिनेगर आणि सोड्याचा फेसाळणारा शंकूच छापला जातो. एकदा त्याऐवजी दख्खनचा छेद छापावा: खाली भेग, तिच्यातून वर आलेली डाइक, तिच्या दोन्ही बाजूंना एकावर एक पसरलेले थर, मधे तांबडे पट्टे, आणि वर झिजून उरलेला किल्ला.

आपला,
भूशास्त्राचा एक अभ्यासक, नाशिक