व्हाउचर पालकांच्या हाती, प्रवेश मात्र शाळेच्या हाती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी शाळांवर खर्च करण्याऐवजी तेवढ्या रकमेचे व्हाउचर थेट पालकांना द्यावे, म्हणजे त्यांना हव्या त्या खासगी शाळेत मूल घालता येईल, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. गरीब पालकालाही निवडीचा हक्क हवा, हे तिचे समर्थन ऐकताना पटते. परंतु या कल्पनेच्या जवळ जाणारी एक व्यवस्था शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी असलेल्या 25 टक्के राखीव प्रवेशांच्या रूपाने आपल्याकडे बरीच वर्षे चालू आहे आणि तिचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही.

या प्रवेशांपोटी राज्य सरकारने शाळांना दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 17,670 रुपये द्यायचे ठरले आहे. (ते वेळेवर मिळत नाहीत, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे.) म्हणजे महिन्याला दीड हजारही नाहीत. पुण्या-मुंबईतील ज्या शाळांकडे बोट दाखवून निवडीचे स्वप्न रंगवले जाते, त्यांचे शुल्क याच्या कितीतरी पट असते. तरीही काही मुले तेथे पोहोचतात, कारण कायद्याची सक्ती आहे, सोडत सरकार काढते आणि मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेण्यास व देणगी मागण्यास मनाई आहे. पुढे गणवेश, पुस्तके, बस आणि ‘उपक्रम’ यांच्या नावाने पैसे मागितल्याच्या तक्रारी येतातच. शिवाय हे संरक्षण आठवीला संपत असल्याने नववीत पूर्ण शुल्क भरा, नाहीतर दाखला घेऊन जा, अशी वेळ पालकांवर येते. 9 फेब्रुवारी 2024 रोजी तर राज्य सरकारनेच अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले होते; 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, म्हणून हे प्रवेश वाचले. सक्ती असताना ही स्थिती आहे; ती नसताना शेतमजुराच्या हातातील व्हाउचर कोणती नामांकित शाळा स्वीकारील?

खासगी संस्थांना सरकारी पैसा देण्यास माझा सरसकट विरोध नाही. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षण मुख्यतः अनुदानित शाळांनीच गावोगावी नेले. मात्र त्या अनुदानाबरोबर शिक्षकांची पात्रता, वेतनश्रेणी, आरक्षण, संचमान्यता (पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर होणे) आणि हिशेबतपासणी हे सारे येते. व्हाउचरची कल्पना अनेक संस्थाचालकांना आवडते ती नेमकी यातले काही नको असते म्हणून. आंध्र प्रदेशात 2008 पासून चार वर्षे ग्रामीण भागात झालेल्या प्रयोगाचा दाखला समर्थक देतात. सोडतीत व्हाउचर मिळालेली मुले तेथे तेलुगू आणि गणितात इतरांच्या पुढे गेली नाहीत. हिंदीत गेली, पण सरकारी प्राथमिक शाळांत तो विषय सहसा शिकवलाच जात नव्हता. खासगी शाळांचा दरडोई खर्च बराच कमी होता, हे खरे. परंतु त्यामागचे मोठे कारण म्हणजे तेथील शिक्षकांना मिळणारा अगदी तुटपुंजा पगार. ही काटकसर ज्यांना कार्यक्षमता वाटते, त्यांनी आपल्या विनाअनुदानित शाळांतील शिक्षक पुन्हा पुन्हा आझाद मैदानावर का येऊन बसतात, याची चौकशी करावी.

सर्वांत मोठे नुकसान होते ते मागे राहणाऱ्या मुलांचे. 40 पटाच्या द्विशिक्षकी शाळेतून 12 मुले बाहेर पडली, तर त्यांच्या वाट्याचा पैसा जातो. छप्पर, वीजबिल आणि इयत्ता मात्र तेवढ्याच राहतात. पट आणखी घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, एकाच शिक्षकाला सर्व वर्ग सांभाळावे लागतात, आणि ज्यांनी मूल काढले नव्हते तेही काढण्याचा विचार करू लागतात. धडगाव किंवा भामरागड तालुक्यातील दुर्गम पाड्यांवर तर व्हाउचर घेऊन जायला दुसरी शाळाच नसते.

चिलीमध्ये 1981 साली, लष्करी राजवटीत, हाच मार्ग देशभर स्वीकारला गेला. 1993 मध्ये अनुदान घेणाऱ्या खासगी शाळांना पालकांकडून वरचे शुल्क घेण्याची मुभा मिळाली आणि मुले पालकांच्या ऐपतीप्रमाणे वेगवेगळ्या शाळांत विभागली गेली. 2006 आणि 2011 मध्ये तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर 2015 च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांतील नफा, वरचे शुल्क आणि विद्यार्थी निवडून घेण्याची पद्धत बंद करण्यास सुरुवात झाली. जे मोडायला त्या देशाला इतकी वर्षे लागली, ते आपण नव्याने कशासाठी उभारावे, हे मला कळत नाही.

व्हाउचरसाठी निधी उभा करता येत असेल, तर तो आधी जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांची रिक्त पदे भरण्यासाठी वापरावा, आणि 25 टक्क्यांतून प्रवेश मिळालेल्या मुलांचे शुल्क आठवीऐवजी दहावीपर्यंत सरकारने भरावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा