‘डाग राहिला आहे’ असं लिहून देणाऱ्या आजोबांना

आदरणीय आजोबा,

सा. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. पुढच्या खेपेला तुमच्या किमोनो धुण्याच्या दुकानात आले की समोर बसून माझ्या पुण्यात शिकलेल्या जपानीत सगळं सांगेनच. पण मनातलं आधी आपल्या भाषेत उतरवावंसं वाटलं. शिवाय तोक्योत जुने किमोनो हौसेने घेणाऱ्या आणि मग ते कुठे धुवायला द्यायचे या विचाराने हैराण होणाऱ्या मराठी मैत्रिणी मला ठाऊक आहेत. त्यांनीही हे वाचावं.

तुम्ही धुतलेला तो जांभळा किमोनो माझ्या घरमालकीणबाईंच्या आईचा. तोक्योजवळच्या चिचिबू गावचं, मेइसेन नावाचं छापील धाग्यांचं रेशीम, साधारण शंभरीला टेकलेलं. मोठमोठी कॅमेलियाची फुलं आणि त्यांच्या कडा किंचित हललेल्या. उभे धागे आधी कच्चे विणून त्यांच्यावर साच्याने रंग चढवायचा आणि मग ती कच्ची वीण उसवत खरं कापड विणायचं, अशी चिचिबूची पद्धत, त्यामुळे कडा हलणारच. मला त्या हललेल्या कडाच आवडतात.

बाई वृद्धाश्रमात जायला निघाल्या तेव्हा कपाट रिकामं करायला एका खरेदी कंपनीचा माणूस आला होता. फोनवर म्हणाला, किमोनो घेतो. घरी आल्यावर गठ्ठ्याला बोट लावून म्हणाला, जुन्याला भाव नाही, घरात सोन्याची अंगठी, साखळी काही आहे का? म्हाताऱ्या माणसांना गाठायची ही इथली जुनी चाल आहे. २०१३ पासून त्याविरुद्ध कायदासुद्धा आहे: ठरलेली वस्तू सोडून दुसऱ्याच वस्तूंसाठी गळ घालता येत नाही. कायदा त्यालाही माहीत असणारच. बाईंनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. “तू जुने किमोनो विकतेस ना? मग घालणारीलाच वीक. भिंतीवर टांगणारीला नको.”

पुढच्या उजव्या पदरावर गुडघ्याच्या खाली चहाचा जुना डाग होता. ‘किमोनोंचे तज्ज्ञ’ अशी पाटी लावलेल्या एका लॉन्ड्रीने तो बघताच “पूर्ण जाईल” म्हणून सांगितलं. आतलं अस्तर युद्धापूर्वीचं, लालभडक मोमी रेशमाचं. या लाल रंगाला पाणी लागलं की तो सुटतो, हे जुन्या किमोनोंत हात घातलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्यांनी डाग चोळला. चहाचा डाग होता तिथेच राहिला आणि भोवती गुलाबी कडं उमटलं. सोबत छापील चिठ्ठी: जुन्या रेशमाची हमी दिली जात नाही. वर बिल. ती चिठ्ठी आठवली की अजून डोकं तापतं. हमी नव्हती तर ‘पूर्ण जाईल’ कशाच्या जोरावर म्हणालात?

त्यानंतर मी तुमच्याकडे आले, ती जरा घुश्शातच. तुम्ही किंमत विचारली नाहीत, कुठल्या सालचा म्हणून विचारलं नाहीत. घडी उलगडून आधी वास घेतलात. म्हणालात, “नुसता कापूर. कुणीतरी फार नीट ठेवलाय.” दोन-तीन प्रकारच्या डांबरगोळ्या एका खणात घातल्या की त्या विरघळून कापडावर डाग पाडतात. हे किमोनो जपणाऱ्या त्या बाईला माहीत होतं आणि दर वर्षी कोरड्या हवेत ती किमोनो वारा लागेल असे टांगत असणार, हेही तुम्ही नुसत्या वासावरून सांगितलंत. तुमचं हे बोलणं मी घरमालकीणबाईंना फोनवर कळवलं. त्या खूप हसल्या, मग आईबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिल्या. ‘भाव नाही’ ऐकल्यापासून आईचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं.

तुमचं काम काय वर्णावं! किमोनो उसवून आठ तुकडे केलेत, ते शेवटाला शेवट जोडून पुन्हा एकसलग पट्टा केलात. जेमतेम ३६ सेंटीमीटर रुंद आणि १२ मीटरच्या आसपास लांब, मागावरून उतरला होता तसाच. तो पाण्याने धुतलात, खळ दिलीत आणि टोकांना सुया असलेल्या बांबूच्या काड्या ओळीने लावून अंगणात ताणलात. सगळी कापणी सरळ रेषेत, म्हणून हे जमतं. आमची पैठणी मलमलीत गुंडाळून जपतात, पण ती मुळात अखंडच. शिवलेलं वस्त्र उसवून परत अखंड होताना मी प्रथमच पाहिलं. मेइसेनला दोन्ही बाजूंनी सारखाच रंग असतो, तर कापड उलटून शिवू या, ही युक्तीही तुमचीच. आतली बाजू इतकी ताजी निघाली की बाईंच्या आईने पाहिली तेव्हा ती अशीच दिसत असेल. गुलाबी कडं धुण्यात निघालं. नवं अस्तर तुम्ही पांढरं घातलंत.

पण आजोबा, मला जे विसरता येत नाही ते याहून बारीक आहे. पावतीवर नाव लिहायला मी पर्समधून बॉलपेन काढलं. उघड्या रेशमापासून वीतभर अंतरावर. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तळहात कापडावर आडवा धरलात आणि दुसऱ्या हाताने पेन्सिलीचं थोटूक पुढे केलंत. शाई सांडली तर जात नाही, पेन्सिल खोडता येते. आणि किमोनो न्यायला आले तेव्हा तातोशीच्या कोऱ्या कागदी वेष्टनावर त्याच थोटकाने लिहिलं होतं: ‘कापड उलटलं. अस्तर बदललं. पुढच्या पदराच्या खालच्या भागात चहाचा डाग राहिला आहे. आणखी काढला तर कापड जाईल, म्हणून थांबलो.’

‘म्हणून थांबलो.’ एवढ्या खटपटीत मला हे दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. जो तो काय काय करू शकतो तेच सांगत होता. आपल्याला काय करता येणार नाही, हे न विचारता लिहून देणारी माणसं जगात कमी आहेत आणि ती बहुतेक लहान दुकानांतच भेटतात, असं माझं मत होत चाललंय. हा अन्याय असेल पाटीवाल्यांवर, असू दे.

विकायला ठेवताना फुलांच्या आधी तुमच्या त्या ओळींचाच फोटो लावला. डाग वाचून काहींनी पाठ फिरवली. शेवटी जिने घेतला ती इथलीच एक विद्यार्थिनी. तिने किमोनोबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे: कागदावर हे कुणी लिहिलंय? तिच्याकडे आजीचा एक ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचा कमरपट्टा आहे, बुरशीचे ठिपके पडलेला. मी तुमचा पत्ता दिला आहे. येत्या आठवड्यात ती येईल. पावती भरताना तिच्या हाताकडे जरा लक्ष ठेवा, तिच्याकडेही बॉलपेनच असणार.

आपली,
जांभळ्या किमोनोवाली