किमान शिल्लक दंडाचे 1,062 रुपये परत मिळण्याबाबत

दि. 14 जुलै 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
कोथरूड शाखा, पुणे

विषय: पूर्वसूचना न देता कापलेली रक्कम परत मिळणे व खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून मिळणे.

महोदय,

माझी आई कोथरूडमध्ये घरोघरी पोळ्यांची कामे करते. तिची कमाई आपल्या शाखेतल्या बचत खात्यात जमा होते. खात्यावर दुसरे नाव माझे आहे. परवा पासबुक भरून आणले, तेव्हा एप्रिल, मे आणि जून अशा तिन्ही महिन्यांचे प्रत्येकी 354 रुपये कापलेले दिसले. 300 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 54. पासबुकात नुसते 'एमएबी चार्जेस' (म्हणजे मासिक सरासरी शिल्लक न ठेवल्याचा दंड) छापले आहे. आईला त्यातून काय कळणार?

शिल्लक कमी पडली तर खातेदाराला आधी कळवायचे, ती भरून काढायला एक महिना द्यायचा आणि मगच दंड लावायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहे. आम्हाला आला तो पैसे कापल्याचा मेसेज. नंबर तोच आहे, बाकीचे सगळे मेसेज त्यावर नीट येतात.

दंड तुटीच्या प्रमाणात असावा, हेही त्याच नियमात आहे. आपल्या शाखेची अट 5,000 रुपये सरासरी शिल्लक ठेवण्याची. एप्रिलमध्ये सरासरी 4,650 होती, म्हणजे जेमतेम 350 कमी. जूनमध्ये 3,000 कमी. दंड मात्र दोन्ही वेळा 300 च! साडेतीनशेच्या तुटीला तीनशे रुपये दंड कोणत्या हिशेबाने लावला, ते लेखी कळवावे. 354 रुपये ही आईच्या हातची कमाई आहे, ती अशी परस्पर जाताना पाहून मला फार वाईट वाटले.

काउंटरवर विचारले तर, "सिस्टीमनेच कापलेत, आमच्या हातात काही नाही," असे उत्तर मिळाले. झिरो बॅलन्स खाते मागितले, तर "ते फक्त जनधनवाल्यांना" म्हणाले. हे चूक आहे. मूलभूत बचत ठेव खाते 2012 पासून कोणालाही मागता येते. त्यात किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड मोफत असते आणि महिन्यात चार वेळा पैसे काढता येतात. आईला तेवढे पुष्कळ झाले. ज्या खातेदारांची शिल्लक महिन्यामागून महिना कमी पडते, त्यांना हा पर्याय बँकेने आपणहून सांगायला हवा.

तरी 1,062 रुपये खात्यात परत जमा करावेत, खाते बदलून द्यावे आणि तोपर्यंत नवा दंड लावू नये. या अर्जाच्या प्रतीवर पोच द्यावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करणार आहोत.

आपली,
(संयुक्त खातेदार)

सोबत: पासबुकाच्या पानांची छायाप्रत, मेसेजचे स्क्रीनशॉट, आईच्या सहीचा खाते बदलाचा अर्ज