मागणी कुणासाठी, तेही पाहा

महोदय,

'धर्माने राजकारणाच्या वाटेला जाऊच नये' असे ठासून सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकांचा वैताग समजू शकतो. निवडणुका आल्या की देवळांच्या पायऱ्या झिजवणारे पुढारी आपणही पाहतोच. पण हा नियम सरसकट लावला, तर क्वेकरांना कुठे बसवायचे?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सभोवती जमलेला हा छोटा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या मूळ पद्धतीच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात, आणि ज्याला आतून काही सांगावेसे वाटेल तो उठून बोलतो. कुठल्याही कारणासाठी आम्ही शस्त्र उचलणार नाही, असे त्यांनी १६६१ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सला लेखी कळवले होते.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटकडे त्यांनी १७८३ मध्ये अर्ज केला. चार वर्षांनी लंडनमध्ये त्यासाठी समिती निघाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. मात्र त्यांना स्वतःला खासदार होता येत नव्हते, कारण शपथ घेणे त्यांना मंजूर नव्हते. (एरवीही खरेच बोलायचे, मग शपथ कशाला?) म्हणून सभागृहात किल्ला लढवला तो विल्बरफोर्स या अँग्लिकन खासदाराने. १८०७ मध्ये त्या व्यापारावर बंदी आली.

अमेरिकेतली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तिथे खुद्द क्वेकरांच्या घरी गुलाम होते, पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनकडेसुद्धा. बरीच वर्षे आपसात वाद घातल्यावर फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ मध्ये ठरवले, की गुलाम सोडत नसेल त्याला पंथात जागा नाही. १७९० मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे त्यांचा अर्ज गेला तो यानंतर. आधी घरची धुणी धुतली, मग सरकारचे दार ठोठावले. आपल्याकडे हा क्रम पाळणारे किती?

वॉशिंग्टनमध्ये १९४३ पासून त्यांची 'फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन' ही संस्था युद्ध, शस्त्रखर्च, गरिबी या प्रश्नांवर खासदारांच्या गाठी घेते. ती उमेदवाराला निवडणुकीसाठी पैसे देत नाही की पाठिंबा जाहीर करत नाही. कशावर जोर द्यायचा, हे देशभरच्या क्वेकर सभांना विचारून ठरते, आणि तेही मतदान न घेता. या मागण्यांत क्वेकरांच्या पदरात पडण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून हे राजकारण मला वेगळे वाटते.

अर्थात पंथाचा शिक्का म्हणजे हमी नव्हे. क्वेकर घरात वाढलेले अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्याच कारकिर्दीत १९७२ च्या नाताळात व्हिएतनाममधल्या हनोईवर अमेरिकेचे बॉम्ब पडले.

आम्हा वर्धेकरांना हा पंथ अगदीच परका नाही. मार्जरी साइक्स या क्वेकर बाईंनी सेवाग्रामच्या नई तालीममध्ये अनेक वर्षे काम केले. मिठाच्या सत्याग्रहाआधी, मार्च १९३० मध्ये, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना शेवटचे पत्र धाडले ते रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रज क्वेकरच्या हाती. पत्र राजकीय होते, ते लिहिणारा आणि नेणारा दोघेही धर्मश्रद्ध. लेखकांच्या नियमानुसार रेनॉल्ड्सने ते न्यायला नकार द्यायला हवा होता का, एवढे त्यांनी पुढच्या लेखात सांगावे.

— एक वाचक, वर्धा