परवाना मिळाला, आता शस्त्र कोणते घ्यावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले. तेव्हापासून परवाना कोणाला द्यावा व कोणाचा काढून घ्यावा, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. ते आवश्यकच होते. परंतु ज्याला खरोखर गरज आहे आणि ज्याला रीतसर परवाना मिळाला आहे, अशा माणसाने पुढे कोणते शस्त्र घ्यावे, ते अंगावर कसे बाळगावे आणि घरात कसे ठेवावे, याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच वाचायला मिळत नाही. तालुक्याच्या गावी सराफीचे दुकान चालवणारा, पेट्रोल पंपाची रोकड रोज बँकेत नेणारा, वस्तीपासून दूर मळ्यात राहणारा माणूस हा निर्णय दुकानदाराच्या आणि मित्रमंडळींच्या सांगण्यावरून घेतो. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी नवशिक्यांना नेमबाजी शिकवतो, आणि चुकीचे शस्त्र घेऊन आलेली माणसे माझ्यासमोर इतक्या वेळा उभी राहिली आहेत की हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडे निवडीला वाव किती आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. लष्कर व पोलीस वापरतात ते ९ मि.मी. पिस्तूल प्रतिबंधित गटात मोडते, त्यामुळे सामान्य परवानाधारकापुढे प्रामुख्याने .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आणि क्वचित .२२ एवढेच पर्याय उरतात. खासगी आयात १९८०च्या दशकातच बंद झाली असल्याने परदेशी बनावटीचे जे शस्त्र बाजारात दिसते ते बहुधा कोणाच्या तरी आजोबांचे असते आणि केवळ नळीवरच्या नावामुळे त्याला अवाच्या सवा किंमत येते. देशी शस्त्रांत कानपूरच्या कारखान्यांतली रिव्हॉल्व्हर आणि पश्चिम बंगालमधील ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल ही वर्षानुवर्षे चालत आलेली नावे आहेत, आणि अलीकडे उत्तर प्रदेशातील संडीला येथे वेब्ली या मूळ ब्रिटिश कंपनीची रिव्हॉल्व्हरही बनू लागली आहेत. आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा कानपूर आणि ईशापूरचे हे कारखाने त्यांपैकी एका कंपनीकडे गेले. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र शस्त्रे बरीचशी तीच राहिली.

इथे एक बाब आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरून दुकानात हमखास घोटाळा होतो. रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही काडतुसे वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी रुंद कड असते आणि ते लांबट असते, तर पिस्तुलाचे आखूड असते व त्यालाच ७.६५ मि.मी. असेही म्हणतात. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरता येत नाही. त्यामुळे शस्त्र पसंत करण्याआधी त्याची काडतुसे आपल्या जिल्ह्यातील दुकानात नियमित मिळतात का, याची चौकशी करावी. काडतुसांअभावी कपाटात पडून राहिलेले महागडे पिस्तूल मालकाच्या काहीच कामाचे नसते.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो. माझे उत्तर अनेकांना आवडत नाही, तरीही ते ठाम आहे. ज्याला महिन्यातून एकदाही सराव करायला मिळणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे. ते भरलेले आहे की रिकामे, हे उघडताक्षणी दिसते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस समोर येते, आणि घाबरलेल्या माणसाला वेगळी कळ सरकवण्याची आठवण ठेवावी लागत नाही. पिस्तूल चपटे असल्यामुळे कपड्यांखाली सहज लपते आणि भरायलाही सोपे असते, पण त्याचा एक धोका नवशिक्याच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागतो. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काढून घेतली तरी एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी शिल्लक राहू शकते. ‘रिकामे आहे’ असे समजून पुसताना किंवा दाखवताना सुटलेल्या गोळ्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. मॅगझिन आधी काढायचे, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीच्या मागच्या, उघड्या पडलेल्या टोकाशी डोळ्यांनी पाहायचे आणि बोटानेही चाचपायचे, हा क्रम ज्याच्या हातात मुरलेला नाही त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये.

यानंतर प्रश्न येतो हाताचा, आणि इथेच सर्वांत कमी विचार होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्यासारख्या पिस्तूल नेमबाजांच्या शस्त्राची लाकडी मूठ पाहिली तर ती खेळाडूच्या तळहाताला बेतून घासलेली असते. ज्या खेळात चुकलेल्या गोळीने फक्त गुण जातात तिथे एवढी काळजी घेतली जाते, आणि ज्या शस्त्रावर जीव विसंबणार ते मात्र काउंटरवर क्षणभर हातात धरून घेतले जाते. मूठ अशी हवी की अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात ती घट्ट बसेल आणि तर्जनीचे पहिले पेर मनगट न वळवता चापावर सरळ पोहोचेल. रिव्हॉल्व्हरचा घोडा (काडतुसावर आपटणारा खटका) आधी न चढवता नुसता चाप ओढून गोळी झाडायची तर साधारण चार ते पाच किलोचा जोर लागतो. ज्येष्ठ नागरिकांना, संधिवात असलेल्यांना आणि लहान हाताच्या माणसांना हा जोर झेपत नाही. चाप ओढता ओढता नळी खाली झुकते आणि चार हातांवरचे लक्ष्यही चुकते. दुकानदाराच्या परवानगीने, शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, चाप एकट्या तर्जनीने सलग दहा-बारा वेळा ओढून पाहावा. शेवटच्या वेळी हात थरथरला तर ते शस्त्र आपले नव्हे.

दिल्लीतील २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर, २०१४ च्या सुरुवातीला कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यामागची भावना समजण्यासारखी होती, पण त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, आणि शस्त्र हलके म्हणजे ते स्त्रीला सोपे, हे गृहीतक मला तेव्हाही पटले नव्हते. हलके शस्त्र बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड असते, कारण वजन कमी झाले की गोळी सुटतानाचा झटका हाताला अधिक जाणवतो आणि जड चाप ओढताना ते जास्त हलते. ज्या भगिनीला शस्त्र पर्समध्ये नेण्यापेक्षा रात्री घरातच जवळ हवे आहे, तिने थोडे वजनदार आणि लांब नळीचे रिव्हॉल्व्हर घ्यावे असेच मी सांगेन. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरची जाहिरात पन्नास मीटर पल्ल्यावरून झाली. काडतुसांचे बाजूला उघडणारे चक्र ही त्याची सोय चांगली आहे, परंतु स्वसंरक्षणासाठी पल्ला हा निकष कशाला हवा? पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर गोळी झाडणारा स्वतःचा बचाव करत होता, हे कोणत्या न्यायालयाला पटणार आहे?

शस्त्र हातातून निसटून पडले तर काय होईल, हा प्रश्न १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटेनंतर तरी प्रत्येक खरेदीदाराने विचारायला हवा होता. त्या दिवशी अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली आणि शस्त्र खाली पडल्याने गोळी सुटल्याचे सांगण्यात आले. चाप पूर्ण ओढल्याखेरीज घोडा काडतुसापर्यंत पोहोचू नये म्हणून चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये आत एक अडसर असतो. अनेक जुन्या शस्त्रांत तो नसतो, किंवा झिजून निकामी झालेला असतो. सेकंडहँड शस्त्र घेताना बाहेरची चकाकी पाहण्याऐवजी जाणकार कारागिराकडून हा अडसर तपासून घ्यावा, घोडा चढवल्यावर चक्र हलते का ते पाहावे, आणि तरीही शंका राहिली तर घोड्यासमोरचा एक कप्पा कायम रिकामा ठेवावा. सहाऐवजी पाच काडतुसांनी संरक्षण कमी होत नाही.

अंगावर बाळगण्याबाबत आपल्याकडे विचित्र समजुती आहेत. सदऱ्यातून मूठ दिसली की वजन वाढते, असे मानणारा एक वर्ग आहे आणि लग्नात, मिरवणुकीत तो ठळकपणे दिसतो. शस्त्र नियम, २०१६ याच्या नेमके उलट सांगतात. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावायच्या म्यानात) किंवा तशाच योग्य पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या नियंत्रणात असले पाहिजे, आणि ते परजणे निषिद्ध आहे. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून होल्स्टरचा खर्च शस्त्राच्या खर्चातच धरावा. चाप पूर्ण झाकणारे, कडक चामड्याचे, पट्ट्याला पक्के बसणारे होल्स्टर हवे. नुसते कंबरेला खोचलेले रिव्हॉल्व्हर मोटारीत बसताना सरकते, लोकलच्या गर्दीत दुसऱ्याच्या हाताला लागते आणि स्वच्छतागृहात विसरते. पर्समध्ये ठेवायचे असेल तर तो कप्पा स्वतंत्र असावा, त्यात किल्ल्या किंवा लेखणी जाऊ नये, आणि ती पर्स क्षणभरही कोणाकडे सोपवू नये. मोटारीच्या कप्प्यात शस्त्र सोडून जेवायला जाणे हा तर शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

घराच्या रक्षणाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. नवऱ्याच्या नावावरचे रिव्हॉल्व्हर तो परगावी असताना बायकोला कायद्याने वापरता येत नाही आणि त्या काळात ते घरातील मुलांसाठी व नोकरांसाठी केवळ धोका म्हणून उरते. अर्ज करताना शस्त्र सुरक्षित व कुलूपबंद ठेवण्याची हमी आपण लिहून देतो, पण सही करून ती विसरली जाते. उशीखाली, गाद्यांच्या थप्पीत किंवा देवघराच्या फळीवर शस्त्र ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. भिंतीत किंवा जमिनीत पक्की बसवलेली, अंधारातही बोटांनी उघडता येईल अशा आकडी कुलपाची छोटी पोलादी पेटी आणि तिचा आकडा फक्त परवानाधारकाला ठाऊक, यापेक्षा कमी व्यवस्थेत शस्त्र घरात आणूच नये. आपल्या विटांच्या भिंती .३२ ची गोळी अडवतात, पण प्लायवूडचे दार, पत्रा आणि फॉल्स सीलिंगची पाटी अडवत नाही. पलीकडच्या खोलीत कोण झोपते, याचा विचार पेटीची जागा ठरवतानाच करावा.

निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तेव्हा ज्याने घराचे सगळे संरक्षण त्या एका शस्त्रावर सोपवले असेल त्याचे घर आठवडेच्या आठवडे उघडे पडते. भक्कम दार, आतून अडसर, अंगणात उजेड, भुंकणारे कुत्रे आणि हाकेला ओ देणारा शेजारी यांवर आधी खर्च करावा, असे मी परवाना मागणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. कायदाही हीच अपेक्षा करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला अवधी असताना हा हक्क मिळतच नाही. कलम ४१ मध्ये जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी अशा मोजक्या प्रसंगी मालमत्तेच्या बचावासाठी हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतची मुभा आहे, पण तिलाही कलम ३७ च्या मर्यादा लागू आहेत. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी कोणत्याही परवान्याने समर्थनीय ठरत नाही.

आता एक मागणी. २०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळणीच्या सुरक्षित पद्धतींचे प्रशिक्षण आहे, पण अनेक परवानाधारकांनी आपल्या शस्त्रातून आजवर एकही गोळी झाडलेली नाही, हे मी अनुभवाने सांगतो. काडतुसे परवान्यावरील मर्यादेतच मिळतात, मुंबईत वरळीला रायफल असोसिएशनची रेंज आहे, मोठ्या शहरांत क्लब आहेत. आटपाडीच्या किंवा अहेरीच्या परवानाधारकाने जायचे कुठे? पोलीस मुख्यालयांच्या गोळीबार मैदानांवर महिन्यातून एक दिवस परवानाधारकांसाठी ठेवावा. नवा परवाना मिळालेल्याला खरेदीपूर्वी रिव्हॉल्व्हर व पिस्तूल दोन्ही तेथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवून पाहू द्यावे, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना परवानाधारकाने आपले शस्त्र भरणे, रिकामे करणे आणि सात-आठ मीटरवरच्या लक्ष्यावर मोजक्या गोळ्या झाडणे, एवढे प्रत्यक्ष करून दाखवण्याची अट घालावी. काडतुसांचा खर्च परवानाधारकाकडूनच घ्यावा. लाखभर रुपयांचे शस्त्र घेणाऱ्याला तो जड जाणार नाही. गृह विभागाने एखाद्या जिल्ह्यापासून तरी याची सुरुवात करावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त सैनिक व नेमबाजी प्रशिक्षक, सातारा